डाव्या हाताचे शब्द

ब्रिगहाउस
३ मार्च १९८६

व्हेरा,

तुझा पत्ता माझ्याकडे सतरा वर्षं आहे. आईच्या अंत्यविधीला तू फुलं आणली होतीस, त्यांच्या चिठ्ठीच्या मागे फायली गावातल्या तुमच्या दुकानाचा शिक्का होता. ती चिठ्ठी मी ठेवून दिली. तू अजून तिथेच आहेस असं धरून लिहिते. नसशील तर पत्र परत येईल, आणि खरं सांगू का, मला जरा सुटल्यासारखंच वाटेल.

आपली गिरणी गेल्या शरदात बंद झाली, हे कळलं असेल. मी शेवटपर्यंत होते. टायपिंगच्या खोलीतल्या यंत्रांवर झाकणं घालून चाव्या दिल्या आणि घरी आले. तेव्हापासून वेळ जात नाही. या पत्राचं कारण तेच समज.

आपल्या साप्ताहिकात एक निवृत्त मास्तर शब्दांचं सदर चालवतात. जानेवारीत त्यांनी विचारलं होतं: टाइपरायटरवर ज्यांची सगळी अक्षरं डाव्या हाताखाली येतात, उजवा हात हलवावाच लागत नाही, असे लांब इंग्रजी शब्द कोण शोधून देईल? अर्थासकट.

तू हे वाचताना इथेच थांबली असशील.

मी तेवीस पाठवले. तेवीसच्या तेवीस तुझ्या निळ्या वहीतले. 'स्ट्युअर्डेसेस', 'रेव्हरबरेटेड', 'आफ्टरइफेक्ट्स', 'एक्झॅजरेटेड', 'वॉटरक्रेस', सगळे. अर्थसुद्धा तुझेच. 'रेव्हरबरेटेड'पुढे तू लिहिलं होतंस, 'आई जिन्याखालून ओरडली की जे होतं ते.' तेवढं मी बदललं आणि 'आवाज घुमत राहिला' असं केलं. बाकी शब्दाला शब्द.

पहिल्या पानावर नाही, सहाव्या पानावर, पण फोटोसकट आलं. 'गिरणीच्या टायपिंग विभागाच्या माजी प्रमुख मिस पॉली ड्रान्सफील्ड यांचा अनेक वर्षांचा छंद.' छंद हा शब्द माझा नाही, त्यांचा. पण मी खोडलाही नाही. बक्षीस म्हणून जाडजूड शब्दकोश मिळाला. खाटकाकडे रांगेतली बाई म्हणाली, "काय डोकं आहे हो तुमचं!" मी म्हटलं, "अहो, बसल्या बसल्या सुचतं."

तुला कोणी कात्रण पाठवण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. वही आईच्या कपाटात, खणातल्या कागदाखाली होती. तू नेली नव्हतीस. हवी असेल तर पाठवते.

पॉली

*

ब्रिगहाउस
२० मार्च १९८६

व्हेरा,

कार्ड मिळालं. तीन ओळी, पण मी दिवसभर खिशात घेऊन हिंडले. तुझं डाव्या हाताचं अक्षर आता किती सरळ येतं! वहीत ते नुसतं गडगडत जातं.

कात्रण कोणीतरी पाठवलंच तर तुला. तू म्हणतेस, 'असेव्हरेटेड' म्हणजे नुसतं 'सांगितलं' असं छापलंय ते चूक आहे, शपथ घेतल्यासारखं ठासून सांगितलं असा अर्थ हवा. बरोबर आहे. वहीत तू तसंच लिहिलंयस. उतरवून घेताना मी आखडतं घेतलं. मास्तरांना कळवते. आणि वही ठेव म्हणालीस, तर ठेवते.

वही पुन्हा काढून बसले होते. पहिल्या पानावर नुसते छोटे शब्द आहेत, वॉटर, टी, ब्रेड, एग्ज, बेड, फीव्हर. इस्पितळात डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं ना, रोज डाव्या हाताने काहीतरी टाइप करत जा, हात गप्प बसला की मन खचतं. मी ऑफिसचं जुनं यंत्र बसमधून मांडीवर घेऊन आले होते. बर्फावरून घसरून बसच्या पायरीवर तुझं कोपर आपटलं, एवढ्याशा गोष्टीने उजवा हात कायमचा जाईल, असं तेव्हा आपल्याला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, ईस्टरपर्यंत बरा होईल.

तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "पॉली, गंमत बघ. माझ्या नावाची सगळी अक्षरं डावीकडे आहेत. तुझ्या नावाचं एकसुद्धा नाही."

"मग मला हाक कशी मारशील?"

"शिट्टी वाजवेन."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी इतकी हसली की तिचे टाके दुखले.

मग घरी आल्यावर तुला लांब शब्दांचा नादच लागला. जेवताना काटा खाली ठेवून म्हणायचीस, "सापडला! बारा अक्षरी!" आई म्हणायची, "आधी मटण सापडू दे, गार झालंय." तुझं मटण मी कापून द्यायची. केस मी विंचरायची. कोटाची बटणं मी लावायची. ही तक्रार नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

प्रमुखपदासाठी घेतलेल्या त्या टायपिंगच्या परीक्षेचं तुझ्या मनात अजून असेल तर एवढंच म्हणेन, उतारा कठीणच होता. नंतर सगळ्या मुलीही तसंच म्हणाल्या. आणि मॅनेजर मिस्टर क्रॅबट्रींना एका हाताची बाई प्रमुख म्हणून नकोच होती, त्यांना निमित्त हवं होतं. ते गेले ७३ साली.

आपल्या तेव्हाच्या प्रमुख मिस टॉर्डॉफ मात्र आहेत. शहाऐंशी वर्षांच्या. वृद्धाश्रमात असतात, नजर जवळजवळ गेलीये, पण कान अजून असे की मी दारात पाय ठेवला की "बुटाची टाच झिजलीये तुझी" म्हणतात. दर रविवारी जाते मी. तुझा विषय निघत नाही.

पॉली

*

ब्रिगहाउस
६ एप्रिल १९८६

व्हेरा,

तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. 'उतारा कोणी लिहिला होता, पॉली?'

मी.

हे लिहून मी उठले, भांडी घासली, परत आले. आता सगळं लिहिते.

मे महिना होता. मिस टॉर्डॉफ निवृत्त होणार होत्या आणि त्यांनी तुझंच नाव दिलं होतं, हात गेल्यानंतरसुद्धा. क्रॅबट्रींच्या टेबलापुढे उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "तिचा एक हात तुमच्या कुठल्याही दोन हातांना भारी आहे. परीक्षा घ्या. नाही जमलं तर माझा शब्द मागे घेते." पाच मिनिटांत दोनशे शब्द, बिनचूक, असं ठरलं. तू आधी पाहिलेला नसावा म्हणून उतारा नव्याने लिहायचा होता. टॉर्डॉफबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिस ड्रान्सफील्ड, एक व्यापारी पत्र तयार करा. दोनशे शब्द. बहिणीला दाखवायचं नाही." आणि गेल्या.

घरी तू मिनिटाला बेचाळीस शब्दांच्या वेगाने टाइप करत होतीस. मीच तर हातात घड्याळ घेऊन बसायचे.

मला सोपं पत्र लिहिता आलं असतं. साधं, रोज लिहितो तसंही लिहिता आलं असतं, त्यातही तू पास झाली असतीस. मी तुझी वही घेऊन बसले. वहीत डावीकडचे शब्द होते. मी त्यांच्या उलट शोधत गेले, ज्यांची अक्षरं एकजात उजवीकडे आहेत असे. उजव्या हाताला लांब शब्द फारसे नाहीत, तूच सांगायचीस. पण आपल्या धंद्यात जे आहेत ते पुरे होते. नायलॉन. युनियन. ओपिनियन. मिलियन. मिनिमम. लिनोलियम, त्यात एकच अक्षर तुझं. आणि हल शहर. हलच्या युनियनचं नायलॉनबद्दल काय मत आहे, यावर मी दोनशे शब्द लिहिले. फिलिप जॉली नावाचा व्यापारी जन्माला घातला, कारण त्याच्या दोन्ही नावांत तुझ्या हाताला एक अक्षर मिळत नव्हतं. प्रत्येक शब्दाला तुझा एकटा हात यंत्राच्या या टोकाकडून त्या टोकाला धावला पाहिजे, असं बघितलं. ते पत्र लिहिताना मला मजा वाटली, व्हेरा. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

मनाशी काय म्हणत होते तेही सांगते. कोणी म्हणायला नको, बहिणीने बहिणीला सोपं दिलं. न्यायाने वागलं पाहिजे. हे मी इतक्या वेळा म्हटलं की मधली काही वर्षं मला ते खरंही वाटायचं.

खरं हे की तुझ्यानंतर ती खुर्ची माझी होती. आणि त्याहून खरं हे की मला नोकरीला लागल्यापासून सगळ्या 'व्हेराची बहीण' म्हणायच्या. तुझा हात गेला तेव्हा मी रडले, पण मनात कुठेतरी आलं, आता तरी. मग तू एका हाताने पस्तीस केलेस, अडतीस केलेस, बेचाळीस केलेस. सकाळी तुझी बटणं लावताना मला तुझा राग यायचा.

परीक्षेच्या दिवशी तू चौथ्या ओळीवर थांबलीस. कागद ओढून काढलास, यंत्रावर झाकण घातलंस, कोट घेतलास. कोणाकडे पाहिलं नाहीस. मग एका हाताने बटणं लावत उभी राहिलीस. पाच बटणं. सगळी खोली श्वास धरून बघत होती. रोज ती मी लावायचे, आणि माझं टेबल तुझ्यापासून तीन पावलांवर होतं.

मी उठले नाही.

तू गेल्यावर टॉर्डॉफबाईंनी मला विचारलं, "काय झालं तिला?" मी म्हटलं, "हरणार असं दिसलं की ती उठते. लहानपणापासूनच. गर्विष्ठ आहे हो." घरी आईलाही तेच सांगितलं, वर थोडं तिखटमीठ लावून. म्हटलं, मी मदतीला उठले तर तिने मला सगळ्यांसमोर झिडकारलं. आई त्यानंतर तुझ्याशी बोलली नाही. तुझ्या लग्नाला आली नाही. ती पत्रिका टेबलावर तीन आठवडे पडून होती. मी एक शब्द बोलले असते तर ती आली असती.

मी बोलले नाही.

पॉली

*

ब्रिगहाउस
२७ एप्रिल १९८६

व्हेरा,

तुझं पत्र इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं. चार वेळा वाचलं. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

तू लिहितेस, तिसऱ्या ओळीतच कळलं. 'फिलिप जॉलीला बघितल्यावर मी समजले. सगळ्या यॉर्कशायरमध्ये ही अक्षरं कुठल्या बाजूची आहेत हे पाठ असलेल्या दोनच बायका होत्या आणि त्यातली एक मी होते.' तू लिहितेस, वेग कमी पडला असता तरी तू शेवटपर्यंत टाइप करणार होतीस. पण हात चालेनासा झाला, जो चांगला होता तोच. आणि बटणं लावताना तू मनात म्हणत होतीस, आता ती उठेल, आता उठेल. पाचव्या बटणापर्यंत.

हे मला माहीत नव्हतं. तुला राग आला असेल एवढंच मी धरून चालले होते.

तुझ्या नवऱ्याच्या, हर्बर्टच्या, मच्छी आणि तळलेल्या बटाट्यांच्या दुकानाबद्दल वाचलं. खिळे मारलेल्या फळीवर बटाटा रोवून तू एका हाताने सोलतेस, आणि दोन हातांच्या पोरींच्या आधी बादली भरतेस, हे वाचून हसू आलं. टाइपरायटरला त्यानंतर बोट लावलं नाहीस, हे वाचून आलं नाही. आणि शब्दांचं तू जे लिहितेस, की आता आठवतही नाहीत, 'असेव्हरेटेड' तेवढा राहिला कारण तो मी चुकवला, त्यावर मला काय लिहावं कळत नाही.

माफी तुला नको आहे. 'तू माफी मागशील आणि मग तुला बरं वाटेल, ते मला नकोय,' असं लिहिलंयस. ठीक आहे. मागत नाही.

पण तू जे मागतेस ते कठीण आहे, व्हेरा. 'आई आता नाही. टॉर्डॉफबाई आहेत. त्यांनी माझ्यासाठी शब्द दिला होता आणि मी त्यांना सगळ्यांसमोर तोंडघशी पाडून उठून गेले, असं त्या चोवीस वर्षं समजतायत. त्यांना सांग. एवढंच कर.'

त्या शहाऐंशीच्या आहेत. हृदय कमजोर आहे. तिथल्या परिचारिका म्हणतात, धक्का बसेल असं काही बोलू नका. आणि त्यांना खरंच त्याची आठवण असेल का? म्हातारपणी काय काय विसरतं माणूस. तुझ्या समाधानासाठी एका म्हाताऱ्या बाईला त्रास द्यायचा, हे तुला तरी बरं वाटेल का?

विचार कर.

पॉली

*

ब्रिगहाउस
१८ मे १९८६

व्हेरा,

तुझं उत्तर आलं नाही. ते उत्तरच आहे, हे कळतं मला.

गेले तिन्ही रविवार मी सांगायचं ठरवून गेले. पहिल्या रविवारी त्यांना सर्दी होती. दुसऱ्या रविवारी त्यांची भाची आली होती. आज सर्दी नव्हती आणि भाचीही नव्हती. मी तास बसले, त्यांना पेपर वाचून दाखवला, केक भरवला, आणि परत आले.

त्यांना आठवत नसेल असं मी लिहिलं होतं ना? ते खोटं होतं. आज सहज म्हटलं, "बाई, ती बासष्ट सालची टायपिंगची खोली आठवते का हो?" तर त्यांनी नऊ मुलींची नावं घेतली, खिडकीपासून दारापर्यंत, कोण कुठे बसायची त्यासकट. तुझ्या टेबलाशी आल्यावर थांबल्या आणि तुझं नाव न घेता पुढच्या नावावर गेल्या.

हृदयाचंही खोटं होतं. गुडघे वाईट आहेत, हृदय चांगलं आहे.

खरं कारण हे. सगळ्या आठवड्यात मी येणार म्हणून कोणी वाट बघत असेल तर ती तेवढी एकच बाई. त्या मला पॉली म्हणतात. ऑफिसात कधी म्हणाल्या नाहीत, तिथे सगळ्या मिस अमुक आणि मिस तमुक. इथे आल्यावर एकदा म्हणाल्या, "मी कामाला लावलेल्या मुलींमधली तू एकटी टिकलीस." त्याला सहा वर्षं झाली. सांगितलं की तेही जाईल.

हे कारण म्हणून लिहिते. सबब म्हणून नाही. पुढच्या रविवारी सांगेन असं मी लिहीत नाही, माझ्या म्हणण्याला किती किंमत आहे ते तुला माहीत आहे. सांगितलं की लिहीन.

पॉली

*

ब्रिगहाउस
१५ जून १९८६

व्हेरा,

सांगितलं. एक जूनला. झालं तसं लिहिते.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मी पिशवीतून केक काढला नाही. म्हटलं, "बाई, मला व्हेराबद्दल काही सांगायचंय."

"गेली का ती?"

"नाही हो. फायलीत आहे. बरी आहे."

"मग?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नायलॉन, युनियन, फिलिप जॉली. कोणती अक्षरं कोणत्या हाताची ते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मी शब्द म्हणत गेले आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलत गेली. डावा हात पडून होता. उजवीच बोटं हलत होती. 'मिनिमम'ला त्या थांबल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. त्यांनी विचारलं, "आणि तू मला तेव्हा काय म्हणालीस? ती उठून गेल्यावर?"

"गर्विष्ठ आहे म्हणाले."

"मी ते क्रॅबट्रींना जाऊन सांगितलं. माझ्या तोंडाने." मग चेहरा खिडकीकडे करून म्हणाल्या, "मिस ड्रान्सफील्ड, तुमच्याकडे वही आहे का?"

मिस ड्रान्सफील्ड. तुमच्याकडे. सहा वर्षांनी.

मी म्हटलं, "आहे."

"पत्र घ्या."

मला वाटलं, आता मला इथे येऊ नका असं लिहून देणार. पण पत्र तुला होतं. मी पलंगाच्या कडेवर बसून शॉर्टहँडमध्ये घेत गेले. आवाज तोच, ऑफिसातला, स्वल्पविराम सांगत, परिच्छेद सांगत. माझ्याबद्दल बोलताना माझं नाव घ्यायच्या आणि पुढे "डी लहान नाही, मोठा" असं म्हणायच्या, जशी मी कोणी तिसरीच बाई. मधे एकदा माझी पेन्सिल थांबली. त्या म्हणाल्या, "जास्त वेगाने सांगतेय का?" मी म्हटलं, "नाही."

घरी आणून टाइप केलं. आठ तारखेला सहीसाठी घेऊन गेले. त्यांना दिसत नाही, म्हणून वाचून दाखवायचं होतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आले तशा त्या म्हणाल्या, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"'ही चूक होती.' मी असं सांगितलं होतं?"

मी कागद मांडीवर ठेवला.

"तुमच्या वहीत काय आहे?"

"फसवणूक."

"मग कागदावर चूक कुठून आली?"

व्हेरा, मी ते मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही आणि चुकून झालं असंही नाही. बोटं त्या शब्दापाशी आली आणि लहान शब्द निघाला. चोवीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "बाई, मी बदलला."

"चाळीस वर्षं मी मुलींना एकच सांगितलं. सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. पुन्हा करून आणा. आणि खाली कोपऱ्यात आद्याक्षरं घाला, ऑफिसात घालत होतो तशी. आधी सांगणारीची, मग टाइप करणारीची. कोणी टाइप केलं ते तिला दिसलं पाहिजे."

आज घेऊन गेले. त्यांनी पूर्ण ऐकलं, मान हलवली. मी त्यांचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं आणि त्यांनी सही केली. निघताना विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का?" त्या म्हणाल्या, "पेपर वाचायला भाची येते आता." मग मी दारापर्यंत पोचल्यावर म्हणाल्या, "तिचं उत्तर आलं तर घेऊन या. ते वाचून दाखवायचं काम तुमचं."

पत्र सोबत आहे. एक शब्दही बदललेला नाही. शेवटचा परिच्छेद मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा घेता घेता माझी ओळ वाकडी गेली. तो टाइप करायला मला तीन कागद लागले.

पॉली

*

ब्रिगहाउस
१५ जून १९८६

मिसेस व्हेरा स्टॉर यांस,

तुमच्या परीक्षेच्या दिवसापासून मी असं समजत आले की मी तुमच्यासाठी दिलेल्या शब्दाची पर्वा न करता तुम्ही अभिमानापोटी उठून गेलात. हे मी दोन वेळा इतरांपुढे बोलूनही दाखवलं. ते खरं नव्हतं. मी ते मागे घेते, आणि ज्यांच्यापुढे बोलले त्यांपैकी जी एक व्यक्ती हयात आहे तिलाही कळवते.

ज्या उताऱ्यावर तुमची परीक्षा झाली तो तुमची बहीण मिस पॉली ड्रान्सफील्ड यांनी तुम्ही हरावं या हेतूने लिहिला होता. ही फसवणूक होती. ती त्यांनी मला स्वतः सांगितली, चोवीस वर्षं उशिरा, आणि हे पत्र त्याच लिहून घेत आहेत.

माझ्या मते तुम्ही त्या खुर्चीला योग्य होतात. तुम्ही गेल्यानंतर ती खुर्ची नीट चालली, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. त्याने पहिली गोष्ट बदलत नाही.

आता माझं स्वतःचं. उतारा आधी तपासणं हे माझं काम होतं. मी तपासला असता तर पहिल्या ओळीतच मला दिसलं असतं. मी तो उघडलासुद्धा नाही. कारण उतारा बहिणीने लिहिला आहे म्हणजे तो बहिणीला सोपा जाईल असाच लिहिला असणार, असं मी धरून चालले, आणि तुम्ही पास व्हावं म्हणून मला त्याकडे काणाडोळा करायचा होता. लिहायला तिला सांगितलं तेही त्याच कारणाने. दुसरं काही होऊ शकेल हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

आपली,
हन्ना टॉर्डॉफ

एच. टी. / पी. डी.